कर्ता कोण? : मोटार, यंत्र आणि ग्राहकाची तक्रार (१९६५–२०२२)

ग्राहकाच्या असंतोषासाठी मराठीत तीन शब्द सहज वापरले जातात : फिर्याद, तक्रार आणि गाऱ्हाणे. 'फिर्याद' हा फारसीतून आलेला शब्द मुळात आक्रोशाचा वाचक आहे. 'तक्रार' हा शब्द अरबीतील असून त्याचा मूळ अर्थ 'पुनरुक्ती' असा होतो. 'गाऱ्हाणे' कोकणात आजही देवळापुढे घातले जाते आणि त्यातील एकेका मागण्याला जमलेला गाव 'होय महाराजा' म्हणून साथ देतो. एकट्याचा आक्रोश, अनेकांच्या तोंडून होणारी त्याची पुनरुक्ती आणि अखेर समूहाने त्याला दिलेली संमती, या तीन अवस्था आपल्या शब्दसंग्रहात अशा शेजारी शेजारी नांदतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या उद्योगसंस्थांविषयीचे ग्राहकांचे मत ज्या वाटेने इतिहासात उतरले, त्या वाटेवरही याच अवस्था आढळतात.

प्रस्तुत निबंधात मोटार कंपन्या आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्या वर्तनाविषयी ग्राहकांनी मांडलेल्या मताचा मागोवा घ्यावयाचा आहे. हा विषय एरवी अर्थशास्त्राच्या अथवा विधिशास्त्राच्या कक्षेत येतो. येथे मात्र तो संहितांचा विषय म्हणून हाताळला आहे. कारण हे मत पुस्तक, लेख, अंतर्गत टिपण, अर्ज आणि न्यायनिर्णय अशा गद्यरूपांतूनच आपल्यापर्यंत पोहोचते. या निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल : ग्राहकाचे मत परिणामकारक ठरले ते त्यातील संतापाच्या तीव्रतेमुळे नव्हे, तर घडलेल्या घटनेच्या वाक्यातील कर्ता त्याने बदलला म्हणून. 'अपघात झाला' या वाक्याचा व्याकरणदृष्ट्या कर्ता 'अपघात' हाच आहे; जणू त्याने स्वतःच स्वतःला घडविले. 'चालकाने गाडी उलटवली' या वाक्यात कर्ता चालक होतो. 'कंपनीने उलटणारी गाडी बनवली' असे म्हणताच घटना तीच राहते, परंतु जबाबदारीचा पत्ता बदलतो. पहिल्या वाक्यापासून तिसऱ्या वाक्यापर्यंतचा प्रवास सोपा नव्हता आणि तो सदैव निर्दोषही नव्हता.

१

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६० सालासाठी कॉर्व्हेर ही मोटार बाजारात आणली. तत्कालीन अमेरिकी मोटारींहून तिची घडण वेगळी होती. हवेने थंड होणारे इंजिन मागील बाजूस होते आणि मागची चाके 'स्विंग ॲक्सल' पद्धतीच्या आसावर बसविली होती. वेगात तीव्र वळण घेताना मागचे चाक आत दुमडण्याची आणि गाडीचा मागील भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता या रचनेत होती. ती आटोक्यात राहावी म्हणून टायरांतील हवेचा दाब पुढे १५ आणि मागे २६ पौंड ठेवावा, अशी सूचना मालकासाठीच्या पुस्तिकेत दिलेली होती. सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरली गेली आणि गाडी उलटली, तर दोष कोणाचा? पुस्तिका न वाचणाऱ्या मालकाचा, की माणसाच्या सवयीवर आपली सुरक्षितता टांगून ठेवणाऱ्या रचनेचा?

हा प्रश्न राल्फ नेडर या तरुण वकिलाने ३० नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात विचारला. या पुस्तकाची ख्याती कॉर्व्हेरपुरती झाली असली, तरी तो विषय केवळ पहिल्या प्रकरणाचा आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती पुढे विस्ताराने मांडलेली 'दुसऱ्या टकरी'ची कल्पना. पहिली टक्कर मोटारीची दुसऱ्या वस्तूशी होते; दुसरी होते आत बसलेल्या माणसाच्या शरीराची मोटारीच्या अंतर्भागाशी. पहिल्या टकरीला चालक कारणीभूत असेलही, पण दुसरीत सुकाणूचा दांडा छातीत घुसतो अथवा कपाळ कठीण पृष्ठभागावर आदळते, तेथे कर्ता कोण? अपघात ही संज्ञा दुभंगून तिच्या दुसऱ्या भागाला वेगळा कर्ता देणे, ही नेडर यांची खरी कामगिरी होय. ती अभियांत्रिकीइतकीच भाषिकही आहे. त्यापूर्वीच्या रस्तासुरक्षेच्या प्रचाराचा सारा भर सुकाणूमागे बसलेल्या माणसाला सुधारण्यावर होता. नव्या संज्ञेने त्या माणसाभोवतीची वस्तू चर्चेच्या केंद्रस्थानी आणली.

कंपनीची प्रतिक्रिया या संदर्भात बोलकी आहे. तिने वाक्याला उत्तर देण्याऐवजी वाक्य उच्चारणाऱ्याचा पाठलाग केला. नेडर यांच्या खाजगी आयुष्याची चौकशी करण्यासाठी खाजगी गुप्तहेर नेमले गेले. ही गोष्ट उघडकीस आली आणि २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. नेडर यांनी खाजगीपणाच्या भंगाबद्दल लावलेला दावा १९७० साली ४ लक्ष २५ हजार डॉलर देऊन मिटविण्यात आला.

तथापि हा विजयाचा इतिहास येथे थांबत नाही. १९६० ते १९६३ या काळातील कॉर्व्हेर वळणावर आणि स्थैर्यात समकालीन गाड्यांहून वाईट नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकी शासनाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने १९७२ साली जाहीर केला. ही यंत्रणा १९६६ च्या कायद्यातूनच पुढे आलेली होती. म्हणजे ज्या तक्रारीने व्यवस्था बदलली, तिच्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण त्याच व्यवस्थेच्या तपासणीत अंशतः निसटले. 'दुसऱ्या टकरी'चा सिद्धान्त मात्र अबाधित राहिला आणि पट्टे, दबणारे सुकाणूदांडे, मऊ अंतर्भाग यांच्या रूपाने जगभरच्या मोटारींत उतरला. तक्रारीचे मूल्य तिच्यातील एका दाखल्यावर अवलंबून नसून तिने प्रस्थापित केलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते.

२

फोर्ड कंपनीची पिंटो ही मोटार १९७० साली विक्रीस आली. तिची इंधनाची टाकी मागील आसाच्या मागे होती आणि मागून धडक बसल्यास ती फुटून पेट घेण्याचा धोका होता. १९७७ साली 'मदर जोन्स' या नियतकालिकात मार्क डावी यांनी या गाडीवर प्रदीर्घ लेख लिहिला. त्या लेखामुळे कंपनीचे एक अंतर्गत टिपण सर्वतोमुखी झाले. त्यातील हिशेब असा होता : जळून होणारे १८० मृत्यू, तितक्याच गंभीर दुखापती आणि २,१०० जळालेली वाहने, प्रत्येक मृत्यूची किंमत २ लक्ष डॉलर, दुखापतीची ६७ हजार, वाहनाची ७००, एकूण सुमारे ४ कोटी ९५ लक्ष डॉलर. दुसऱ्या बाजूस १ कोटी २५ लक्ष वाहनांत प्रत्येकी ११ डॉलरची सुधारणा, म्हणजे सुमारे १३ कोटी ७५ लक्ष डॉलर. हिशेबाप्रमाणे सुधारणा परवडत नव्हती.

या टिपणाचे वाचन हा साहित्याभ्यासकाने आवर्जून पाहावा असा संहिताग्रहणाचा नमुना आहे. जनमानसात त्याचा अर्थ असा रुजला की, पिंटोच्या गिऱ्हाइकांना जळू देणे स्वस्त पडेल असे कंपनीने ठरविले. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. विधिज्ञ गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ च्या आपल्या लेखात दाखवून दिल्याप्रमाणे, हे टिपण शासकीय यंत्रणेला सादर करण्यासाठी तयार केलेले होते. त्यातील विषय मागून बसणाऱ्या धडकेचा नसून गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा होता. त्यातील आकडे केवळ पिंटोचे नसून एकंदर अमेरिकी वाहनांचे होते, आणि माणसाच्या जिवाची २ लक्ष डॉलर ही किंमत शासकीय यंत्रणेच्याच आकडेमोडीतून घेतलेली होती.

मग लोकांचे वाचन चुकीचे म्हणावे काय? टिपणाच्या तपशिलापुरते पाहिले तर ते निश्चितच चुकीचे होते. परंतु त्या गद्याचा स्वभाव लोकांनी अचूक ओळखला होता. त्यात मरणारा माणूस कुठेच नाही. तो 'मृत्यू' या भाववाचक नामात आणि एका गुणाकारात विरघळून गेला आहे. निर्णय घेणाराही कुठे नाही. आकडेच निर्णय घेतात. कर्ता आणि भोक्ता दोघेही वाक्यातून नाहीसे झाले की भाषा निर्दोष दिसू लागते. डावी यांच्या लेखाने या दोघांना वाक्यात परत आणून बसविले, आणि घाईत एका टिपणावर त्याच्या वकुबापलीकडचा भार टाकला.

पुढील घटनाक्रमातही ही दुहेरी जाणीव दिसते. १९७८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ज्यूरीने एका दाव्यात १२ कोटी ५० लक्ष डॉलरची दंडात्मक भरपाई ठरविली. न्यायाधीशांनी ती ३५ लक्षांवर आणली. त्याच वर्षी कंपनीने सुमारे १५ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. १९८० साली इंडियाना राज्यात चाललेल्या फौजदारी खटल्यात मात्र कंपनी निर्दोष ठरली. दिवाणी न्यायालयाने कंपनीला कर्ता मानले. फौजदारी न्यायालयातील ज्यूरीने तिला गुन्हेगार मानले नाही. कंपनी ही व्यक्ती आहे काय, हा प्रश्न कायद्याला जितका अवघड आहे तितकाच तो कथनशास्त्रालाही आहे.

ग्राहकाचे वाक्य दरवेळी खरेच असते असेही नाही. ब्रेक दाबूनही मोटार आपोआप वेगाने पुढे धावते, अशी ऑडी ५००० या गाडीविरुद्धची तक्रार १९८६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर गाजली. शासकीय तपासाने १९८९ साली बहुतेक घटनांत चालकाचा पाय चुकीच्या पायट्यावर पडल्याचे म्हटले. मात्र पायट्यांच्या मांडणीने त्या चुकीला हातभार लावल्याचीही नोंद केली. म्हणजे येथे कर्ता एक नव्हता. माणसाची चूक आणि वस्तूची रचना यांच्या संयोगातून क्रिया घडली होती, आणि असा संयुक्त कर्ता दोन्ही पक्षांच्या संतापाला सारखाच गैरसोयीचा असतो.

३

भारतात या काळात परिस्थिती निराळी होती. परवाने, कोटा आणि तुटवडा यांच्या राज्यात मोटार अथवा स्कूटर घेणाऱ्याचा पहिला अनुभव वस्तूचा नसून प्रतीक्षायादीचा होता. जेथे निवड नाही तेथे मत व्यक्त करण्यासारखे फारसे काही उरत नाही. ॲम्बॅसडर गाडीत हॉर्न सोडून सगळे काही वाजते, हा विनोद देशभर सांगितला गेला. ग्राहकमताच्या इतिहासात अशा विनोदाची नोंद करावयास हवी; कारण तो मतच आहे, पण कोणालाही उद्देशून नसलेले. त्यात 'वाजणे' ही अकर्मक क्रिया गाडीच्या सुट्या भागांकडे सोपविलेली आहे. गाडी बनविणारा कुठेच येत नाही. तुटवड्यातील ग्राहक हसतो, आणि पुन्हा रांगेत उभा राहतो.

मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे : गिऱ्हाईक. दुकानदाराचे गिऱ्हाईक हा त्याचा पहिला अर्थ; 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याची टर उडविणे हा दुसरा. एकाच शब्दात खरेदी आणि फजिती एकत्र आली आहेत. याउलट 'ग्राहक' हा तत्सम शब्द ग्रहण करणाऱ्याचा, म्हणून गुणग्राहकाचा, रसग्रहण करणाऱ्याचा सगोत्र आहे. गिऱ्हाइकाचा ग्राहक होणे हे केवळ शब्दाचे संस्कृतीकरण नव्हे. फसविल्या जाणाऱ्याने पारख करण्याचा अधिकार मागणे असा त्याचा आशय आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी स्थापन केलेल्या संघटनेने 'ग्राहक पंचायत' हे नाव घेतले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. या नावातील दुसरे पदही लक्षणीय आहे : मत एकट्याचे नव्हे, पंचांसमक्ष मांडलेले. त्यापूर्वी १९६६ सालीच मुंबईत काही महिलांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली होती. अमेरिकेत त्या वर्षी मोटारसुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे भेसळ आणि वजनमापे हे विषय अग्रक्रमावर होते. काळ एक असला तरी दोन समाजांची गाऱ्हाणी त्यांच्या त्यांच्या बाजारपेठेतून जन्मली, हे तुलनेत विसरता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी अस्तित्वात आला. त्याने न्यायव्यवस्थेत जी सोय केली तिचा एक वाङ्मयीन परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. वकिलाच्या मध्यस्थीविना स्वतःची तक्रार स्वतः मांडण्याची मुभा मिळाल्यामुळे सामान्य माणसाला आपल्या अनुभवाचे कालानुक्रमे, पुराव्यानिशी निवेदन लिहावे लागले. वस्तू केव्हा घेतली, पावती कोणती, दोष केव्हा दिसला, किती वेळा खेटे घातले, काय उत्तर मिळाले आणि कोणते मिळाले नाही, अशी त्याची बांधणी असते. आत्मकथन, पत्र आणि कैफियत यांच्या सीमेवरचा हा गद्यप्रकार मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिला गेला.

तो जिल्हा पातळीवरून राष्ट्रीय आयोगापर्यंत जातो तेव्हा त्याला इंग्रजीचे अथवा हिंदीचे रूप घ्यावे लागते. या भाषांतरात काही सूक्ष्म बदल घडतात. मराठी तक्रारदार 'मला मनस्ताप झाला' असे लिहितो. त्या वाक्यात तो चतुर्थीत असतो, म्हणजे क्रिया त्याच्यावर येऊन कोसळलेली असते. इंग्रजीत तोच माणूस भोगण्याच्या क्रियेचा कर्ता होऊन प्रथमेत बसतो. दुःख भोगणाऱ्यालाच वाक्याचा कर्ता करणारी ही भाषा न्यायासाठी सोयीची ठरते. मूळ वाक्यातील असहायता मात्र तीत विरते.

४

एकविसाव्या शतकात मोटार आणि संगणक यांतील सीमारेषा पुसट होत गेली, आणि कर्त्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. भारतात त्याचे पहिले ठळक रूप सुट्या भागांच्या वादात दिसले. सुटे भाग आणि दोष शोधण्याची संगणकीय साधने खुल्या बाजारात न मिळाल्यामुळे मालकाला कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच जावे लागते, अशी तक्रार २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली. सुरुवातीस ती तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीची व्याप्ती पुढे वाढली आणि २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी ६५ लक्ष रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. या आदेशाला पुढे आव्हानेही दिली गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधील मिस्त्री कानाने इंजिनाचा आवाज वाचत असे. आता गाडी आपले दुखणे सांकेतिक भाषेत सांगते आणि त्या भाषेचा कोश कंपनीच्या कुलपात असतो. वस्तू विकली जाते, तिची भाषा विकली जात नाही.

फोक्सवॅगनचे प्रकरण याच्याही पुढचे आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल मोटारी प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या तेव्हा धुरातील नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी अधिक आढळले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. आपली चाचणी चालू आहे हे गाडीतील संगणकप्रणाली ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण रोखत असे. एरवी रस्त्यावर हे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लक्ष वाहनांत ही प्रणाली होती. वेन बूथ यांनी १९६१ साली मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे रूपक म्हणूनही वापरण्याची गरज उरत नाही. श्रोता कोण आहे हे ओळखून ही मोटार आपले निवेदन बदलत असे. ज्यांनी स्वच्छ हवेच्या विश्वासाने ती घेतली होती, त्या मालकांचा रोष म्हणूनच निव्वळ आर्थिक नव्हता. ते फसविले गेले होते, आणि नकळत प्रदूषणाचे वाहकही झाले होते. 'मी गाडी चालविली' या निरुपद्रवी वाक्यात कंपनीने त्यांच्या तोंडी आपली क्रिया घातली होती.

ॲपल कंपनीच्या फोनविषयीची तक्रार याहून साधी आणि म्हणूनच अधिक सार्वत्रिक. नवे मॉडेल आले की जुना फोन मंदावतो, असे अनेक ग्राहक वर्षानुवर्षे म्हणत. तो मनाचा खेळ मानला जाई. डिसेंबर २०१७ मध्ये फोनच्या वेगाची मोजमापे प्रसिद्ध झाली आणि जुन्या बॅटरीच्या काही फोनांचा वेग संगणकप्रणालीद्वारे कमी केला जातो, हे कंपनीने मान्य केले. कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते : बॅटरी जुनी झाली की एकदम लागणारी शक्ती ती पुरवू शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, ते टाळण्यासाठी वेगाला लगाम घातला जात होता. परंतु बॅटरी बदलल्यास फोन पूर्ववत होईल, ही गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलेली नव्हती. ज्याला ७९ डॉलरची बॅटरी पुरली असती तो नवा फोन घेण्यास निघाला. कंपनीने क्षमा मागून बॅटरीची किंमत २९ डॉलरवर आणली आणि २०२० साली अमेरिकेतील सामूहिक दावा मिटविण्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. 'फोन मंदावला' हे वाक्य 'फोन मंदावण्यात आला' असे झाले. एका प्रयोगबदलाची ही किंमत होती. तो घडविला आक्रोशाने नव्हे, पुनरुक्तीने. एकाच चाचणीच्या असंख्य आवर्तनांनी. 'तक्रार' या शब्दाचा अरबी मूळ अर्थ येथे अक्षरशः सिद्ध झाला.

५

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ च्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले होते : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. उपरोक्त इतिहासात पहिल्या तिन्हींची वाट चौथ्यातून गेलेली दिसते. भारतात २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या दायित्वाची स्वतंत्र तरतूद केली, म्हणजेच दोषयुक्त वस्तूच्या वाक्यातील कर्त्याची जागा विधिवत निश्चित केली. २०२२ साली केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चारही क्षेत्रे एकत्र विचारात घेतली गेली. मोटार आणि तंत्रज्ञान यांविषयीची तक्रार अखेर एकाच प्रकरणात आली.

मात्र याच काळात मत व्यक्त करण्याचे एक नवे साधनही रूढ झाले आहे. सेवा संपताच ग्राहकाला पाचांपैकी किती तारे देणार, असे विचारले जाते. विचारणारी बहुधा कंपनीच असते, आणि उत्तराची बेरीज व सरासरीही तीच करते. या पद्धतीत मत मोजले जाते, वाचले जात नाही. पिंटोच्या टिपणात मरणारा माणूस ज्या गुणाकारात विरघळला, त्याच जातीच्या सरासरीत आता बोलणारा माणूस विरघळतो. दोन ताऱ्यांना क्रियापद नसते; त्यामुळे कोणी काय केले, हे त्यांतून सांगता येत नाही.

जिल्हा आयोगांपुढे येणाऱ्या अर्जांत ते क्रियापद अद्याप जिवंत आहे. कायद्याने आणि अर्थशास्त्राने त्यांची दखल आपापल्या परीने घेतली. साहित्याभ्यासाने ती पुरेशी घेतलेली नाही. कथात्म वाङ्मयातील निवेदकाची विश्वसनीयता पारखण्याची जी साधने आपल्यापाशी आहेत, त्यांची या गद्याला गरज आहे. आणि भोगणाऱ्याने स्वतःच्या वाक्यात कर्ता कसा शोधला, हे समजून घेण्यासाठी आपल्यालाही या गद्याची तितकीच गरज आहे.